वाचनकट्ट्याची यादी: दरवर्षी पहिले पाढे पंचावन्न होत असतील तर

ज्यांच्याकडे वाचनकट्टा, पुस्तकभिशी, सोसायटीची छोटी लायब्ररी असलं काही चालतं त्यांच्यासाठी लिहितेय. प्रॉब्लेम असा की जानेवारीत बारा महिन्यांची बारा पुस्तकं ठरतात, आणि कितीही ठरवून बसलं तरी त्यातली अकरा पुरुष लेखकांची निघतात आणि बारावं मार्चमध्ये टाकलेलं असतं, मार्चमध्येच का ते सगळ्यांना माहितीये. आमचा डोंबिवलीचा कट्टा २०१८ पासून चालू आहे, दर महिन्याचा तिसरा रविवार, संध्याकाळी साडेपाच, एका मैत्रिणीच्या सोसायटीचा हॉल, वीसेक माणसं आणि त्यात बायका जास्त. बायका जास्त हे मुद्दाम सांगतेय, कारण कुणालाही विचारलं की पहिलं उत्तर हेच मिळतं की ग्रुपमध्ये बायका वाढवा म्हणजे यादी आपोआप बदलेल. नाही बदलत. आमच्यात बारा बायका होत्या आणि २०१९ च्या यादीत लेखिका एक. मत आम्हीच दिलं होतं, मी पण.

आधी एक सांगते म्हणजे गैरसमज नको. मला जी.ए. कुलकर्णी अतिशय आवडतात, कुसुमाग्रजांच्या कविता मला पाठ आहेत, विंदांची पुस्तकं माझ्या उशाशी असतात. कुणाला यादीतून हाकलायचं म्हणून हे नाही. पण एका भाषेत इतक्या बायकांनी इतकं लिहून ठेवलंय आणि आपण पन्नाशीला येईपर्यंत त्यातलं चार पानं वाचत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, आणि हे दुखणं बरं होऊ शकतं हे मी पाहिलंय, म्हणून एवढं लांबलचक.

तुमच्याकडे हाच बिघाड आहे का हे कसं ओळखायचं? सगळ्यात सोपी खूण म्हणजे पोल. व्हॉट्सॲपवर आठ पुस्तकांचा पोल टाकला की कोसला, मृत्युंजय, ययाति यांच्यावर अर्ध्या तासात मतं पडतात आणि लेखिकेच्या पुस्तकासमोर दोन मतं, त्यातलं एक जिने सुचवलं तिचं. दुसरी खूण म्हणजे "छान आहे हो, पण जरा घरगुती आहे" हे वाक्य. एखाद्या कादंबरीत पुरुष चारशे पानं हॉस्टेलच्या खोलीत बसून विचार करतो ते जगण्याचं तत्त्वज्ञान आणि बाई स्वयंपाकघरात बसून विचार करते ते घरगुती, असं कुणी मुद्दाम म्हणत नाही पण तोंडातून जातं, बायकांच्याही जातं. तिसरी खूण मला सगळ्यात जास्त छळते. लेखिकेचं पुस्तक घेतलं तरी चर्चा तिच्या नवऱ्यावर जाते. आम्ही लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे, घेतलं होतं, मी घड्याळ बघत होते, अकराव्या मिनिटाला आमचे एक काका रेव्हरंड टिळकांच्या कवितेकडे वळले, मग त्यांनी धर्मांतर का केलं, मग त्या काळचं नाशिक, मग मिशनरी, आणि साडेसात वाजता आम्ही चहा प्यायलो. ज्या बाईनं उतारवयात बसून मराठीतलं इतकं जिवंत, इतकं हसवणारं गद्य लिहिलं, तिच्या एका वाक्यावर त्या दिवशी कुणी बोललं नाही. घरी येताना रिक्षात मला रडू आलं होतं.

या तिन्हीपैकी दोन खुणा जुळल्या तर पुढे वाचा.

आता आम्ही जे उपाय केले आणि जे फसले ते आधी, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. पहिला म्हणजे मार्च स्पेशल. महिला दिनाला लेखिका, गुलाबाचं फूल, ग्रुप फोटो. हा उपाय नाहीये, यानंच दुखणं मुरतं. कारण एकदा मार्च भरला की उरलेले अकरा महिने सगळ्यांना मोकळं वाटतं की झालं की आपलं. शिवाय मार्चमध्ये परीक्षा आणि इयर एंडिंग, म्हणजे हजेरी सगळ्यात कमी, आणि मग तीच हजेरी दाखवून "बघा, लेखिकांना लोक येत नाहीत" असंही ऐकून घ्यावं लागतं. मार्च स्पेशल चालू असेल तर आधी तो बंद करा.

दुसरा फसलेला उपाय माझा स्वतःचा. २०२० च्या जानेवारीत मी हट्टानं जाहीर केलं की यंदाचं पूर्ण वर्ष फक्त लेखिका. फेब्रुवारीत एकोणीसची हजेरी सातवर आली. जे सुटले ते सगळे पुरुष नव्हते, तीन बायकाही सुटल्या, त्यातली एक म्हणाली की ताई मी दिवसभर ऑफिसात हेच ऐकते, रविवारी मला शिकवणी नको. मग लॉकडाऊन आला आणि ते वर्ष तसंच वाहून गेलं, आणि २०२१ ची यादी केली तर ये रे माझ्या मागल्या. जबरदस्तीनं पुस्तक घेतलं जातं पण वाचलं जात नाही, हे मला तेव्हा कळलं.

तिसरा उपाय म्हणजे भाषण. म्हणजे मी आकडे काढून ग्रुपवर टाकले. मराठीला आजवर चार ज्ञानपीठं, १९७४ खांडेकर, १९८७ कुसुमाग्रज, २००३ विंदा करंदीकर, २०१४ नेमाडे, चारही पुरुष. साहित्य संमेलन १८७८ पासून सुरू, पहिली बाई अध्यक्ष झाली १९६१ ला ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे, म्हणजे त्र्याऐंशी वर्षांनी. त्यानंतर दुर्गाबाई भागवत कराडला १९७५, शांताबाई शेळके आळंदीला १९९६, विजया राजाध्यक्ष इंदूरला २००१, अरुणा ढेरे यवतमाळला २०१९ (आणि २०२५ ला दिल्लीला तारा भवाळकर, पण ते नंतर). २०२५ पर्यंतच्या अठ्ठ्याण्णव संमेलनांत सहा. आकडे खरे आहेत, लोकांनी अंगठे दिले, पुढच्या पोलमध्ये पुन्हा तेच. आकड्यांनी माणूस गप्प बसतो, पुस्तक उघडत नाही. पण ते आकडे काढताना मला मूळ कारण सापडलं, त्यामुळे वाया गेले असं म्हणणार नाही.

मूळ कारण असं की आपण पोलमध्ये पुस्तक निवडतच नाही, आपण ओळखीचं नाव निवडतो. आणि नाव ओळखीचं कसं होतं, तर शाळेच्या धड्यातून, पुरस्कारातून, संमेलनातून, दुकानात समोरच्या रॅकवर असण्यातून. तिथे जे आधीच आहेत तेच परत येतात, आणि आपण भोळेपणानं म्हणतो लोकांना हेच आवडतं. यात पुस्तक मिळणं हाही मोठा भाग आहे. ताराबाई शिंदेंनी बुलढाण्यात राहून स्त्रीपुरुष तुलना लिहिलं, ते १८८२ ला पुण्यात छापलं गेलं, आणि मग पार विसरलं गेलं ते १९७५ ला स. गं. मालशे यांनी परत छापेपर्यंत. त्र्याण्णव वर्षं! एवढ्या काळात तीन-चार पिढ्या शिकून मोठ्या झाल्या, त्यांनी हे पुस्तक निवडलं नाही म्हणायला त्यांच्यासमोर ते होतं कुठे?

लायब्ररीतही हेच. आमच्या भागातल्या एका वाचनालयात (नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत) कादंबरीचं कपाट, कथेचं कपाट, चरित्राचं कपाट, आणि एका कोपऱ्यात स्त्रीसाहित्य असं लिहिलेलं वेगळं कपाट, त्यात कमल देसाई, गौरी देशपांडे, रुखवताचे प्रकार आणि लोणची-मुरंबे एकाच फळीवर. कादंबरी शोधायला आलेला माणूस त्या कपाटाकडे वळणारच नाही, का वळेल? मी तिथून एक पुस्तक घेतलं, मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघितली, शेवटचा शिक्का १९९८ चा, त्याच्या वर १९९१ चा. पानं पिवळी पण कोरी, मधली दोन पानं तर वरून जोडलेलीच होती, प्रेसमधून आली तेव्हापासून कुणी कापलीच नव्हती. मी घरी येऊन पट्टीनं हळूच कापली. ते पुस्तक छापून आल्यापासून त्या दोन पानांवर काय लिहिलंय ते त्या प्रतीत वाचणारी मी पहिली.

म्हणून पोल बंद केला. आमच्याकडे खरा फरक इथून पडला. आता आम्ही डिसेंबरच्या बैठकीत सुचवलेल्या सगळ्या पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घालतो, शाळेत घालायचो तसं, पाठीवर फक्त आकडा. मग प्रत्येकाचं एक पान कुणीतरी मोठ्यानं वाचतं, लेखकाचं नाव न सांगता, आणि नावं असतील तिथे "अमुक" म्हणायचं. ऐकून हात वर. एवढंच. पहिल्या वर्षी चोवीस पुस्तकं होती, दोन बैठका लागल्या, बारा निवडली, कव्हर काढली तर पाच लेखिका. पुढच्या वर्षी सहा. कोटा नाही, सक्ती नाही, कुणाचा रुसवा नाही.

त्यातलं एक पान कळ्यांचे निःश्वासमधलं होतं. हे पुस्तक १९३३ चं, विभावरी शिरूरकर या टोपणनावानं आलेलं, आणि तेव्हा महाराष्ट्रात या बाई कोण यावरून वादळ उठलं होतं. खऱ्या नावानं लिहायची सोय नव्हती इतकं ते सरळ लिहिलेलं होतं, शिकलेल्या नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातलं. त्या बाळूताई खरे, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर, विश्राम बेडेकरांच्या पत्नी. आमच्यात विश्रामरावांच्या रणांगणचे तीन कट्टर चाहते आहेत, त्यांना हे माहीतच नव्हतं. म्हणजे ज्या घरातलं एक पुस्तक आपण डोक्यावर घेतलं त्याच घरातलं दुसरं आपल्याला कुणी दाखवलंच नाही. नव्वद वर्षांपूर्वी बाईनं नाव झाकलं तेव्हा लोक नाव शोधत बसले, आणि आज आम्ही नाव झाकलं तेव्हा कुठे लोकांनी पान ऐकलं. मला त्या दिवशी फार भरून आलं.

आता भक्तांबद्दल, कारण सगळ्यात जास्त प्रश्न मला त्यांच्याबद्दलच विचारले जातात. प्रत्येक कट्ट्यावर दोन-तीन असतात. आमच्याकडे एक कर्णभक्त काका, रेल्वेतून रिटायर्ड, दर चातुर्मासात मृत्युंजय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, प्रतीची शिवण तीनदा घातलीये. दुसरा इंजिनीअरिंगचा मुलगा, त्याला सगळे कोसलाच्या नायकावरून सांगवीकरच म्हणतात, बोलताना दर वाक्याला उदाहरणार्थ आणि वगैरे. तिसऱ्या एक बाई आहेत, जी.एं.च्या, आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणाच्या कथेचं नाव काढलं की त्या नुसत्या बघतात. लोक म्हणतात यांच्यामुळे यादी अडते, यांना आवरा. माझा अनुभव अगदी उलटा आहे. एखादं पुस्तक तीनदा शिवून वाचणारा माणूस कट्ट्याचं सोनं असतो. त्याच्याशी भांडू नका, त्याला नेमकं काय आवडतं ते नीट विचारा आणि त्याच वाटेवरचं दुसरं पुस्तक हातात द्या. "लेखिकाही वाचा हो काका" असं म्हणालात तर मेलात.

काकांना मी युगान्त दिलं. इरावतीबाई कर्व्यांचं, याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, महाभारतातल्या माणसांवरचे लेख. त्यात कर्णावरचा लेख आहे, "मी कोण?" नावाचा. कव्हर घातलेलं पान ऐकतानाच काका पुढे सरकून बसले होते. घरी नेलं, आठ दिवस फोन नाही, मग एका रात्री साडेदहाला फोन, आवाज चढलेला, "ताई, या बाईंनी कर्णाला काहीच ठेवलं नाही!" मी म्हटलं काका, हेच बैठकीत बोला, पान नंबरासकट. ते आले तेव्हा पुस्तकात बसच्या तिकिटांच्या अठरा-वीस खुणा होत्या, प्रत्येक तिकिटावर बारीक पेन्सिलनं आक्षेप. द्यूतसभेत कर्ण द्रौपदीला जे बोलला त्यावर आमच्यातली एक कॉलेजची मुलगी उठली आणि म्हणाली काका तुमचा कर्ण दानशूर आहे मान्य, पण त्या दिवशी तो गप्प का नाही बसला? काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, याचं उत्तर माझ्याकडे नाही, कधीच नव्हतं. दोन तास दहा मिनिटं चालली ती बैठक, हॉलचा वॉचमन दिवे घालवायला आला तरी कुणी उठेना. काकांचं कर्णावरचं प्रेम तसूभर कमी झालं नाही, यंदाही चातुर्मासात मृत्युंजय काढलंय, पण आता शेजारी युगान्त असतं आणि तेही शिवायला झालंय.

जी.एं.च्या बाईंना कमल देसाईंचं काळा सूर्य दिलं. दोघंही बेळगावकडचे, दोघांच्या लिखाणात तो काळोख, ती स्वप्नात चालल्यासारखी वाट. पुस्तक परत देताना बाई एवढंच म्हणाल्या की हे मला वीस वर्षांपूर्वी का नाही दिलं कुणी. सांगवीकरला मात्र वेळ लागला. गौरी देशपांडे दिल्या, नाही लागल्या. मग लक्षात आलं की त्याला कोसलात मजा येते ती बोलल्यासारख्या भाषेची, पुस्तकी मराठीची खोड मोडल्याची. तेव्हा बेबीताई कांबळेंचं जिणं आमुचं दिलं, फलटणकडचं, दलित वस्तीचं सगळं जगणं त्या वस्तीच्याच बोलीत. बेबीताईंनी हे नवऱ्यापासून लपवून लिहिलं, वर्षानुवर्षं लपवून ठेवलं, १९८६ ला ते पुस्तक झालं. पोरानं एका रात्रीत संपवलं आणि दुसऱ्या दिवशी मला एवढाच मेसेज, "मावशी, अजून असं काय आहे." मी शांताबाई कांबळे आणि ऊर्मिला पवार पाठवल्या.

पुस्तक निवडलं गेलं तरी चर्चा नवऱ्यावर घसरण्याचा त्रास वेगळा आहे, त्यावर कव्हरचा उपयोग नाही. तिथे पान नंबरचा नियम लावा. पहिली चाळीस मिनिटं ज्याला बोलायचंय त्यानं पान नंबर सांगायचा, तिथलं एक वाक्य वाचायचं आणि त्यावरच बोलायचं. लेखिकेचं लग्न, नवरा, सासर, कुणी उत्तेजन दिलं, हे सगळं चाळीस मिनिटांनंतर. हा नियम पुरुष लेखकांनाही लावा, नाहीतर लोकांना शिक्षा वाटते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याही चर्चा याने सुधारल्या, आठवणी आणि किस्से कमी झाले, पुस्तक जास्त झालं. स्मृतिचित्रे आम्ही याच नियमानं परत घेतलं. या वेळी वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या पानांवरच पाऊण तास गेला, हसून हसून पुरेवाट, आणि मग एकदम सगळे शांत झाले कारण त्या सोवळ्याची धग घरातल्या लेकरांना कशी लागली असेल ते कळलं. मागच्या वेळी रेव्हरंड टिळकांकडे वळलेले ते काका त्या दिवशी चार वेळा बोलले आणि चारही वेळा लक्ष्मीबाईंच्या वाक्यावर.

आणखी दोन बारक्या गोष्टी. पुस्तक दुकानात मिळत नसेल तर महिना बदला, पुस्तक बदलू नका, जुन्या पुस्तकांवाल्यांना आणि आजूबाजूच्या दोन-तीन वाचनालयांना आधीच सांगून ठेवा, आम्हाला एकदा चार महिने थांबावं लागलं पण पाच प्रती जमल्या. आणि वहीत नोंद ठेवा, तारीख, पुस्तक, किती जण आले, किती जण खरंच वाचून आले. आमच्याकडे २०२३ च्या मे महिन्यात गडबडीत पुन्हा पोल टाकला गेला आणि सलग चार महिने सगळे पुरुष आले, ते वहीमुळेच दिसलं. असं घसरलं की वाद घालू नका, पुढच्या बैठकीला पुन्हा कव्हर घाला.

एक ठिकाण आमचंही अजून सुटलेलं नाही. सुनीताबाई देशपांडेंचं, म्हणजे पु.लं.च्या पत्नीचं, "आहे मनोहर तरी" हे आत्मकथन आम्ही दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा पान नंबर सांगूनसुद्धा गाडी पु.लं.वर गेली, कारण पानापानावर ते आहेतच आणि आमच्या प्रत्येकाचं बालपण त्यांच्या कॅसेट्समध्ये अडकलंय. दुसऱ्या वेळी तर एका काकूंना सुनीताबाईंचा रागच आला की भाईंबद्दल असं लिहावंच का. मला त्या काकूंचं दुखणं कळतं, पण सुनीताबाईंचं तिथेच राहून गेलं. येत्या नोव्हेंबरात तिसऱ्यांदा घेतोय. या वेळी ज्या पानांवर त्या एकट्या आहेत तेवढीच पानं काढून ठेवलीयेत, त्यांच्या लहानपणाची आणि बेचाळीसच्या चळवळीची, आणि सुरुवात त्याच काकूंना करायला सांगितलीये. त्यांनी होय म्हटलंय, पुस्तक घरी नेलंय.